आरटीडी सेन्सर म्हणजे काय? दोन, तीन की चार वायर, आणि तापमान चार अंशांनी का चुकतं?

फोनवर कोल्ड स्टोरेजचं अ‍ॅप उघडलं आणि त्यात ‘४.२५ अंश’ असा आकडा दिसला, की आपण त्यावर लगेच विश्वास ठेवतो. दशांश चिन्हानंतर दोन आकडे आहेत म्हणजे मोजमाप एकदम अचूक असणार, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो आकडा चार अंशांनीसुद्धा चुकलेला असू शकतो. गंमत म्हणजे अशा वेळी सेन्सर चांगला असतो, अ‍ॅप नीट चालत असतं, इंटरनेटही असतं. चूक असते ती सेन्सरपासून मीटरपर्यंत आलेल्या साध्या तांब्याच्या वायरमध्ये.

आज आपण आरटीडी नावाच्या तापमान सेन्सरबद्दल जाणून घेऊया. तो काम कसा करतो, त्याला कधी दोन, कधी तीन तर कधी चार वायर का असतात, ‘क्लास ए’ आणि ‘क्लास बी’ म्हणजे काय, आणि घरी प्रोजेक्ट करताना काय तपासायचं हे सगळं या लेखात आहे. गणित आहे, पण फक्त बेरीज-वजाबाकी आणि भागाकार.

आरटीडी म्हणजे काय?

आरटीडी म्हणजे ‘रेझिस्टन्स टेम्परेचर डिटेक्टर’. शाळेत आपण शिकलोय की धातू तापला की त्याचा विद्युत रोध, म्हणजे रेझिस्टन्स, वाढतो. मग हेच उलट वापरायचं: रेझिस्टन्स मोजायचा आणि त्यावरून तापमान काढायचं. बस, एवढीच आयडिया!

ही आयडिया जुनी आहे. तापमान वाढलं की धातूंची वीज वाहून नेण्याची क्षमता कमी होते, हे हम्फ्री डेव्ही यांनी १८२१ मध्ये दाखवलं. १८७१ मध्ये विल्यम सीमेन्स यांनी यासाठी प्लॅटिनम वापरायचं सुचवलं. पुढे १८८० च्या दशकात ह्यू कॅलेंडर यांनी प्लॅटिनमचा भरवशाचा थर्मामीटर बनवून दाखवला. आजही रेझिस्टन्सवरून तापमान काढायचं जे समीकरण वापरतात त्याला ‘कॅलेंडर-व्हॅन ड्युसेन समीकरण’ म्हणतात.

प्लॅटिनमच का? कारण ते सहजासहजी गंजत नाही, वर्षानुवर्षं त्याचे गुणधर्म जवळपास तेच राहतात, आणि तापमानाबरोबर त्याचा रेझिस्टन्स बऱ्यापैकी सरळ रेषेत वाढतो. शिवाय एक सेन्सर खराब झाला तर त्याच प्रकारचा दुसरा लावता येतो, मीटरमध्ये काही बदलावं लागत नाही.

सगळ्यात जास्त वापरला जाणारा प्रकार आहे पीटी१००. ‘पीटी’ म्हणजे प्लॅटिनम आणि १०० म्हणजे शून्य अंश सेल्सिअसला त्याचा रेझिस्टन्स १०० ओहम असतो. पुढचे काही आकडे बघा:

- ० अंशाला १००.०० ओहम
- २५ अंशाला १०९.७३ ओहम
- ५० अंशाला ११९.४० ओहम
- १०० अंशाला १३८.५१ ओहम

म्हणजे तापमान १ अंशाने वाढलं की रेझिस्टन्स साधारण ०.३९ ओहमने वाढतो. हा ०.३९ चा आकडा लक्षात ठेवा, पुढचा सगळा लेख यावरच उभा आहे. अर्ध्या ओहमपेक्षाही कमी बदल म्हणजे एक पूर्ण अंश! त्यामुळे कुठूनही एखादा जास्तीचा ओहम मोजणीत घुसला, तर आकडा अडीच अंशांनी हलतो.

मग आपल्या फोनमध्ये हा सेन्सर का नसतो?

फोन चार्ज होताना जास्त तापला की चार्जिंग हळू होतं किंवा थांबतं, हे तुम्ही अनुभवलं असेल. म्हणजे फोनलाही बॅटरीचं तापमान कळत असतं. पण तिथे सहसा आरटीडी नसतो, एनटीसी थर्मिस्टर असतो. तो स्वस्त असतो, अगदी लहान असतो, आणि त्याचा रेझिस्टन्स तापमान वाढलं की कमी होतो.

समजा हा थर्मिस्टर २५ अंशाला १०,००० ओहमचा आहे. त्या आसपास त्याचा रेझिस्टन्स एका अंशाला साधारण ४ टक्क्यांनी, म्हणजे जवळपास ४०० ओहमने बदलतो. आता वायरचा एक-दीड ओहम त्यात मिसळला तरी काय बिघडणार? अंशाच्या शंभराव्या भागाइतकाही फरक पडत नाही.

पण थर्मिस्टरचा आलेख सरळ नसतो, वाकडा असतो. तो कमी रेंजमध्येच चांगला चालतो. प्लॅटिनम आरटीडीसाठी आंतरराष्ट्रीय मानकात -२०० पासून ८५० अंशांपर्यंतचे आकडे दिलेले आहेत. म्हणून दूध डेअरी, औषध कारखाने, कोल्ड स्टोरेज, भट्ट्या, प्रयोगशाळा अशा ठिकाणी आरटीडी लागतो. आणि तिथेच वायरची डोकेदुखी सुरू होते.

दोन वायर: चूक नक्की कुठून येते?

सगळ्यात सोपी जोडणी म्हणजे सेन्सरच्या दोन टोकांना दोन वायर. एक जाते, एक येते. अडचण अशी की मीटरला सेन्सर कुठे संपला आणि वायर कुठे सुरू झाली हे कळत नाही. तो सेन्सर आणि दोन्ही वायर मिळून एकच रेझिस्टन्स मोजतो.

आता हिशेब करू. तांब्याची १ चौरस मिलिमीटर जाडीची १ मीटर वायर घेतली, तर तिचा रेझिस्टन्स साधारण ०.०१७२ ओहम असतो. वायर जितकी बारीक, तितका तो जास्त. समजा सेन्सरपासून पॅनेलपर्यंत १० मीटर अंतर आहे. जायची १० आणि यायची १०, म्हणजे एकूण २० मीटर वायर.

- १ चौरस मिमी वायर: ०.३४ ओहम, चूक साधारण ०.९ अंश
- ०.५ चौरस मिमी वायर: ०.६९ ओहम, चूक साधारण १.८ अंश
- ०.२२ चौरस मिमी वायर: १.५६ ओहम, चूक साधारण ४ अंश

हे फक्त १० मीटरसाठी आहे. मोठ्या प्लांटमध्ये अंतर ५० मीटरही असतं.

आता यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट. वायरचा रेझिस्टन्स नेहमी अधिकच होतो, वजा कधीच होत नाही. म्हणजे दोन वायरची जोडणी नेहमी खऱ्यापेक्षा जास्त तापमान दाखवते. ‘थोडं जास्त दाखवतंय, चालतंय की’ असं वाटू शकतं, पण ही दोन उदाहरणं बघा.

पहिलं, दूध. पाश्चरायझेशनच्या एका प्रचलित पद्धतीत दूध किमान ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवायचं असतं. प्लांटमध्ये एक फ्लो डायव्हर्जन व्हॉल्व्ह असतो. दूध पुरेसं तापलं नसेल तर तो ते परत तापवायला मागे पाठवतो. आता स्क्रीनवर ७२ दिसतंय, पण वायरमुळे त्यात ४ अंश फुकटचे आहेत. म्हणजे दूध खरं तर ६८ वरच आहे. व्हॉल्व्हला हे कळायला मार्ग नाही, तो दूध पुढे सोडून देतो.

दुसरं, लस. बऱ्याच लसी २ ते ८ अंशांमध्ये ठेवायच्या असतात, आणि हिपॅटायटिस-बी किंवा पेंटाव्हॅलंटसारख्या लसी गोठल्या की खराब होतात. स्क्रीनवर ३ अंश दिसतंय, सगळं हिरवं आहे, अलार्म नाही. खरं तापमान -१ आहे. बाटली बाहेरून बघून पटकन ओळखूही येत नाही.

दोन्हीकडे सेन्सर निर्दोष आहे.

‘कोडमध्ये चार वजा करा’ हे चालेल का?

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना ही मागणी हमखास येते. आमच्याकडेही एका कोल्ड स्टोरेजच्या डॅशबोर्डसाठी आली होती: ‘चार अंश जास्त दाखवतंय ना, मग तुम्ही कोडमध्ये चार वजा करा, वायरिंग कशाला बदलायचं?’ एका ओळीचं काम आहे, त्यामुळे मोह होतोच.

अडचण अशी की तांबंसुद्धा धातूच आहे. त्याचाही रेझिस्टन्स एका अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. ही वायर थंड खोलीच्या बाहेर भिंतीवरून किंवा पत्र्याखालून गेलेली असेल, तर डिसेंबरच्या पहाटे ती १० अंशांवर असेल आणि मे महिन्याच्या दुपारी ४० अंशांवर. ३० अंशांच्या फरकाने वायरचा रेझिस्टन्स जवळपास १२ टक्क्यांनी बदलला. १.५६ ओहमचे १२ टक्के म्हणजे ०.१८ ओहम, म्हणजे जवळपास अर्धा अंश. आत काहीही बदललेलं नसताना आकडा ऋतूप्रमाणे हलणार.

त्यात टर्मिनलचा स्क्रू सैल झाला, त्यावर गंज चढला, इलेक्ट्रिशियनने वायर बदलली, की तो ‘चार’ चार राहतच नाही. आणि दोन वर्षांनी कोडमधली ती ओळ कुणाच्या लक्षातही नसते. म्हणून आमच्या टीमने ऑफसेट न टाकता तिसरी वायर ओढून घ्यायला सांगितलं. चूक जिथे होते तिथेच ती दुरुस्त केलेली बरी.

तीन वायर: पिशवीचं वजन वजा करणं

बाजारात भाजी पिशवीसकट तोलली, तर वजनात पिशवीही येते. दोन वायरचं तसंच आहे. आता भाजीवाल्याने अगदी तशीच दुसरी रिकामी पिशवी वेगळी तोलली आणि ते वजन वजा केलं तर? उत्तर बरोबर येईल, फक्त दोन्ही पिशव्या सारख्या हव्यात. तीन वायरची जोडणी म्हणजे हेच.

सेन्सरच्या एका टोकाला दोन वायर जोडतात, दुसऱ्या टोकाला एक. आंतरराष्ट्रीय मानकानुसार पीटी१०० मध्ये एका टोकाच्या दोन्ही वायर लाल आणि दुसऱ्या टोकाची पांढरी असते. मीटर दोन मोजण्या करतो:

- लाल ते पांढरी: सेन्सर + दोन वायरचा रेझिस्टन्स
- लाल ते लाल: फक्त दोन वायरचा रेझिस्टन्स

पहिल्यातून दुसरा वजा केला की उरतो फक्त सेन्सर. प्रत्येक मीटर आतून हे असंच करतो असं नाही. कुणी व्हीटस्टन ब्रिज वापरतं, कुणी दोन सारखे करंट सोडतं. पण सगळ्यांमागचं गृहीत एकच: वायर एकसारख्या आहेत.

वायर उन्हाने तापली तरी हरकत नाही, कारण तिन्ही सारख्याच तापतात. म्हणूनच कारखान्यांमध्ये तीन वायर सर्वात जास्त चालतात.

पण ते गृहीत मोडलं की? समजा पांढऱ्या वायरच्या स्क्रूवर गंज चढून तिथे ०.२ ओहम वाढला. तो वजा होत नाही. चूक झाली अर्धा अंश. आणि हा वाढीव रेझिस्टन्स कोणत्या वायरमध्ये आहे आणि मीटरची पद्धत कोणती, त्यावर आकडा जास्त दिसेल की कमी हे ठरतं. म्हणून तीन वायरची केबल वाढवताना तिन्ही वायर एकाच केबलमधल्या, एकाच जाडीच्या आणि एकाच लांबीच्या घ्यायच्या. दोन नव्या आणि एक जुनी हा जुगाड इथे अजिबात चालत नाही.

चार वायर: पिशवीच नको

चार वायरमध्ये वजाबाकीच करावी लागत नाही. दोन वायरमधून मीटर ठरावीक करंट सोडतो, साधारण १ मिलिअँपिअर. उरलेल्या दोन वायर फक्त सेन्सरच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजतात.

यातली खुबी काय? ओहमचा नियम आठवा. वायरमध्ये व्होल्टेज कमी होतं ते तिच्यातून करंट वाहतो म्हणून. व्होल्टेज मोजणारा भाग जवळपास शून्य करंट घेतो. करंटच नाही तर त्या वायरचा रेझिस्टन्स १ ओहम असो की १० ओहम, काही फरक पडत नाही. आणि करंट नेणाऱ्या वायरमध्ये जे व्होल्टेज कमी होतं, ते मोजणाऱ्या वायरच्या टप्प्यात येतच नाही. या जोडणीला लॉर्ड केल्विन यांच्या नावावरून केल्विन कनेक्शन म्हणतात.

वायर सारख्या नसल्या तरी चालतं, स्क्रू थोडा गंजला तरी बहुतेक वेळा चालतं. म्हणून प्रयोगशाळेत आणि कॅलिब्रेशनसाठी चार वायरच वापरतात. खर्च फक्त एका जास्तीच्या वायरचा, आणि चार वायर घेणाऱ्या मीटरचा.

कोणती जोडणी कधी?

- दोन वायर: अंतर अगदी कमी असेल, किंवा पीटी१००० असेल तर.
- तीन वायर: कारखाना, कोल्ड स्टोरेज, लांब केबल, अर्ध्या-एक अंशाची अचूकता पुरेशी असेल तर.
- चार वायर: अंशाचा दहावा भाग महत्त्वाचा असेल तर.

पीटी१००० म्हणजे शून्य अंशाला १००० ओहमचा सेन्सर. तो एका अंशाला सुमारे ३.९ ओहमने बदलतो. त्यामुळे त्याच १.५६ ओहमच्या वायरने चूक होते फक्त ०.४ अंश. काही ३डी प्रिंटरच्या हॉटएंडमध्येही पीटी१००० वापरतात.

अजून एक मार्ग आहे: सेन्सरच्या डोक्यावरच छोटा ट्रान्समीटर बसवायचा. तो रेझिस्टन्सचं रूपांतर ४ ते २० मिलिअँपिअर करंटमध्ये करतो. करंट वायरच्या सुरुवातीला जितका तितकाच शेवटी असतो, त्यामुळे पुढची लांब केबल आकडा बिघडवत नाही.

क्लास ए, क्लास बी म्हणजे काय?

आता सेन्सरकडे वळू. तोही शंभर टक्के अचूक नसतो. आयईसी ६०७५१ या मानकात त्याचे चार क्लास आहेत. प्रत्येकाची चूक किती चालेल याचं सोपं सूत्र आहे:

- क्लास एए: ±(०.१ + ०.००१७ × तापमान)
- क्लास ए: ±(०.१५ + ०.००२ × तापमान)
- क्लास बी: ±(०.३ + ०.००५ × तापमान)
- क्लास सी: ±(०.६ + ०.०१ × तापमान)

तापमान शून्याखाली असेल तर वजा चिन्ह सोडून द्यायचं. दुधाच्या ७२ अंशांना हे सूत्र लावलं, तर क्लास एए चा सेन्सर ०.२२, क्लास ए चा ०.२९, क्लास बी चा ०.६६ आणि क्लास सी चा १.३२ अंशांपर्यंत चुकू शकतो.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, तापमान शून्यापासून जितकं लांब, तितकी चूक वाढते. ‘अचूकता ±०.३ अंश’ असं नुसतं लिहिलं असेल, तर ते किती अंशाला हे विचारा. दुसरं, क्लास बी ऐवजी क्लास ए घेतला की ७२ अंशाला आपण साधारण ०.३७ अंश कमावतो. आणि तोच सेन्सर १० मीटर बारीक दोन वायरने जोडला तर ४ अंश घालवतो. महागडा सेन्सर आणि दोन वायर म्हणजे चांगला कॅमेरा घेऊन लेन्सवर तेलकट बोट ठेवण्यासारखं आहे.

शिवाय क्लास हा ठरावीक रेंजपुरताच असतो. पातळ थराच्या सेन्सरसाठी क्लास ए फक्त -३० ते ३०० अंशांमध्ये लागू होतो. त्याच्या बाहेर ‘क्लास ए’ या शब्दांना अर्थ नाही.

वायर नीट असूनही आकडा का चुकतो?

१. सेन्सर स्वतःच तापतो. मोजण्यासाठी करंट सोडला की सेन्सरमध्ये उष्णता तयार होते. १ मिलिअँपिअरला १०० ओहममध्ये ०.१ मिलिवॉट. करंट ५ पट केला तर उष्णता २५ पट, म्हणजे २.५ मिलिवॉट. समजा स्थिर हवेत एखादा छोटा सेन्सर १ मिलिवॉटला ०.३ अंशाने तापतो. मग पहिल्या वेळी चूक ०.०३ अंश आणि दुसऱ्या वेळी ०.७५ अंश. वाहत्या पाण्यात ही चूक खूप कमी होते, कारण पाणी उष्णता ओढून नेतं.

२. ओलावा. प्रोबमध्ये पाणी शिरलं की करंटला सेन्सरशेजारी दुसरी वाट मिळते. १ लाख ओहमची अशी वाट तयार झाली तरी आकडा ०.३ अंशाने कमी दिसतो. वायरची चूक आकडा वाढवते, ओलावा कमी करतो. बिघाड शोधताना ही खूण उपयोगी पडते.

३. प्रोब पुरेसा आत नाही. धातूची नळी बाहेरची उष्णता आत नेते. साधारण नियम असा की नळीच्या व्यासाच्या किमान १० पट लांबी आत हवी. ६ मिमीची नळी असेल तर ६ सेंटिमीटर.

४. मीटरमधला रेफरन्स रेझिस्टर. बऱ्याच मीटरमध्ये सेन्सरची तुलना एका ठरावीक रेझिस्टरशी होते. तोच ०.१ टक्क्याने चुकला तर ७२ अंशाला सुमारे ०.३ अंशाची चूक होते. १ टक्क्याचा स्वस्त रेझिस्टर असेल तर ३ अंश!

स्क्रीनवरचे दशांश कशाचे?

हौशी प्रोजेक्टमध्ये मॅक्स३१८६५ नावाची चिप खूप वापरली जाते. ती मोजमाप १५ बिटमध्ये देते. ४३० ओहमच्या रेफरन्स रेझिस्टरसोबत तिची सर्वात लहान पायरी साधारण ०.०३ अंशाची होते. म्हणून स्क्रीनवर ७२.४८, ७२.५१ असं दिसतं.

पण ही झाली पायरी, अचूकता नाही. घड्याळात सेकंद काटा आहे म्हणून घड्याळ बरोबर चालतंय असं थोडंच असतं? ७२ अंशाला क्लास ए सेन्सरचे ०.२९ आणि रेझिस्टरचे ०.३३ अंश धरले, तर वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढल्यावर चार वायर जोडूनही एकूण ±०.४४ अंश होतात. मग ७२.४८ मधला शेवटचा ८ काय सांगतो? खरं तर काहीच नाही. अ‍ॅप बनवत असाल तर अशा ठिकाणी एकच दशांश दाखवा.

घरी किंवा कॉलेजमध्ये प्रोजेक्ट करताय? मग हे करा

१. वायर ओळखा. मल्टिमीटर ओहमवर ठेवा. दोन लाल वायरमध्ये जवळपास शून्य यायला हवं. लाल आणि पांढऱ्यामध्ये खोलीच्या तापमानाला, समजा ३० अंशांना, साधारण ११२ ओहम. रंग वेगळे असतील तरी याच पद्धतीने जोड्या सापडतात.

२. बोर्डवरचे जंपर तपासा. मॅक्स३१८६५ च्या बोर्डवर दोन, तीन किंवा चार वायरसाठी जंपर बदलावे लागतात, आणि कोडमध्येही तोच पर्याय निवडावा लागतो. दोन्ही जुळत नसतील तर आकडे विचित्र येतात.

३. फिल्टर ५० हर्ट्झवर ठेवा. ही चिप सुरू होताना ६० हर्ट्झच्या फिल्टरवर असते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. सेटिंग बदललं नाही तर आजूबाजूच्या वायरिंगमुळे आकडा नाचू शकतो.

४. बर्फाची चाचणी करा. थर्मासमध्ये स्वच्छ पाण्याचा बारीक कुटलेला बर्फ भरा आणि फटी भरतील इतकंच थंड पाणी ओता. प्रोब मधोमध ठेवा, तळाला टेकू देऊ नका. अधूनमधून ढवळत १० मिनिटं थांबा. आकडा शून्याच्या जवळ हवा. महत्त्वाचं म्हणजे ही चाचणी प्रत्यक्ष जी लांब वायर वापरणार आहात ती जोडूनच करा.

५. उकळत्या पाण्याने तपासताना जपून. पाणी सगळीकडे १०० अंशांना उकळत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे ते जवळपास ९८ अंशांना उकळतं. महाबळेश्वरला तर साडेपंच्याण्णवच्या आसपास. सेन्सर ९८ दाखवत असेल तर पुण्यात तो बरोबर आहे!

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: माझा सेन्सर दोन वायरचा आहे आणि मीटर तीन वायरचं. मीटरवरच जंपर टाकला तर?
उत्तर: मीटर चालू होईल, एरर जाईल, पण वायरची चूक तशीच राहील. तिसरी वायर सेन्सरच्या जितक्या जवळून काढाल तितका फायदा. सेन्सरपाशी जोड द्या आणि तिथून तिन्ही वायर मीटरपर्यंत आणा.

प्रश्न: चार वायरचा सेन्सर तीन वायरच्या मीटरला जोडता येतो का?
उत्तर: हो. एक वायर मोकळी सोडा आणि तिच्या टोकाला इन्सुलेशन लावा. अचूकता मात्र तीन वायरइतकीच मिळेल.

प्रश्न: आकडा अचानक खूप मोठा किंवा एकदम तळाला गेला तर?
उत्तर: वायर तुटली की रेझिस्टन्स प्रचंड वाढतो आणि आकडा वर उडतो. शॉर्ट झाली की तळाला जातो. तुमच्या अ‍ॅपमध्ये अशा वेळी तापमान न दाखवता ‘सेन्सर तपासा’ असं दाखवा.

प्रश्न: घरच्या फिश टँकसाठी आरटीडी घ्यावा का?
उत्तर: गरज नाही. डीएस१८बी२० हा डिजिटल सेन्सर -१० ते ८५ अंशांमध्ये ±०.५ अंश अचूकता देतो. तो तापमान आकड्याच्या रूपातच पाठवतो, त्यामुळे वायरचा रेझिस्टन्स त्यात मिसळत नाही.

थोडक्यात सांगायचं तर

आरटीडी घेताना आपण सगळे क्लास बघतो, ब्रँड बघतो, किंमत बघतो. पण आधी बघायचं ते असं: वायर किती, किती लांब आणि किती जाड. एक जास्तीची वायर जे काम करते ते महागडा सेन्सरही करू शकत नाही आणि कोडही करू शकत नाही.

पुढच्या वेळी एखाद्या डेअरीत, मेडिकल स्टोअरच्या फ्रिजवर किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये तापमानाचा आकडा दिसला, की मागे वाकून सेन्सरला वायर किती आहेत ते मोजा. दोनच दिसल्या आणि केबल लांब असेल, तर तिथल्या माणसाला बर्फाची चाचणी नक्की सुचवा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि त्या आकड्याच्या भरवशावर कुणाचं तरी दूध किंवा कुणाची तरी लस ठेवलेली असते.